सातातलं नाव, बारातलं पीक

मामा पुण्याहून रात्रीच्या गाडीनं आले. चिखलीच्या स्टँडवर उतरल्याबरोबर त्यांनी पहिला प्रश्न केला तो घरच्यांच्या तब्येतीचा नव्हता. “बाभूळ आहे ना रे अजून?”

बाभूळ आहे. धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, ती बाभूळ आजोबांच्याही आधीची. यंदा शेजाऱ्याचं सोयाबीन सोंगून झालं तेव्हा ती त्याच्या वावरात, धसकटांच्या मधोमध एकटीच उभी दिसली. धुऱ्यापासून तीस फूट आत. झाड चालत गेलेलं नाही, धुरा चालत आलाय.

वावर घाटावरचं. (जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी : बुलढाण्यात माणूस एक तर घाटावरचा असतो, नाही तर घाटाखालचा. चिखली, मेहकर, सिंदखेडराजा घाटावर; मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद घाटाखाली.) एक हेक्टर 62 आर, म्हणजे चार एकर. सातबारा मामांच्या नावावर. आजोबा गेले, मामांची सगळी नोकरी पुण्यात झाली, आणि गेली एकोणीस वर्षं वावर एकाच माणसाकडे बटईनं, म्हणजे पिकाच्या हिश्शावर, आहे. मामा येतात, पण लग्नाकार्यापुरते. वावरात पाय टाकायला वेळ उरत नाही. मध्यंतरी गावातल्या कुणी तरी फोनवर त्यांना सांगितलं, “एकोणीस वर्षं तोच पेरून राहिला, बारा वर्षांचा कायदा आहे, वावर गेलं समजा.” तेव्हापासून मामांची झोप उडालेली. एकीकडून बटाईदाराची भीती, दुसरीकडून धुऱ्यावरच्या शेजाऱ्याची.

चिखलीच्या कोर्टात दिवाणी कामं चालवणाऱ्या एक वकीलताई माझ्या ओळखीच्या आहेत. धुऱ्यावर उभं राहिल्याशिवाय हद्दीचं प्रकरण हातात घ्यायचं नाही, असा त्यांचा नेम. म्हणून आम्ही तिघं थेट वावरातच गेलो. बटाईदारानं सुडीच्या आडोशाला तीन दगडांवर चहा ठेवला होता. “या मालक,” म्हणाला. वकीलताईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि वहीत काही तरी टिपलं.

मामा : ताई, मी सरळच विचारतो. सातबारा माझा, फेरफार माझा, शेतसारा मी भरतो. आणि कुणी उठून म्हणतं, बारा वर्षं झाली, आता हे माझं. हा कुठला न्याय झाला?

वकीलताई : 1963 चा मुदतीचा कायदा, काका. दुसऱ्याच्या कब्जात गेलेली जमीन परत मागायला अनुच्छेद 65 नं 12 वर्षं दिलीत. जमीन सरकारी असेल तर 30. आणि खरी मेख कलम 27 मध्ये आहे. उधारीची मुदत संपली तर वसुलीचा दावा जातो, उधारी उरते. जमिनीचं तसं नाही. मुदत संपली की मालकीच विझते.

मामा : मग सातबारा काय चाटायचा?

वकीलताई : शब्दच फोडून पाहा. गाव नमुना 7, त्यात नाव असतं. गाव नमुना 12, त्यात पीक असतं. सातातलं नाव तुमचं आहे, पण भांडण नेहमी बारात सुरू होतं. सातबारा हा महसुली कागद. त्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानायची, असं जमीन महसूल संहितेचं कलम 157 म्हणतं. मालकी ठरते ती खरेदीखतानं, वाटणीनं, वारशानं. आणि ती टिकते कब्जानं.

मामा : बारा वर्षं म्हणजे एक तप. तपानं देव पावतो असं ऐकलं होतं. लोकाचं वावरही पावतं?

वकीलताई : तप तुम्ही करायचं होतं, काका. वर्षातून एकदा यायचं.

मामा गप्प झाले. ते चिडले नव्हते, दुखावले होते, आणि ते दुखणं मला पटत होतं. नोकरीसाठी गाव सोडलेली एक अख्खी पिढी या वाक्यात सापडते. पण ताईंची बाजूही अशी झटकून टाकण्यासारखी नव्हती.

वकीलताई : मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट पाहिलंय ना? 1865 साली सरकारनं ती जागा मंडईसाठी द्यायचा ठराव केला. पालिकेनं जुने बाजार हलवले, खर्च करून मंडई उभारली. रीतसर दस्त मात्र कधी झालाच नाही. सत्तरएक वर्षांनी कलेक्टर म्हणाले, जागेचा सारा भरा. भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1951 साली पालिका जिंकली. जागा देण्याची रीत कच्ची होती हे कोर्टानं मान्य केलं. पण पालिका इतकी वर्षं उघडपणे, हक्कानं, सारा न देता बसली होती. तेवढ्यात सरकारचा हक्क मुदतीनं संपला होता. आता सांगा, कागद कच्चा म्हणून मंडई उठवायची होती?

मामा : पालिका कुठं आणि माझा शेजारी कुठं! तिला सरकारनं बोलावून जागा दिली होती.

वकीलताई : बरोबर. पण अशी कच्ची कामं आपल्या गावांत घरोघर आहेत. अडल्या साली कुणी चार एकर विकले. पैसे मोजून घेतले, नांगर घालायला सांगितलं, साध्या कागदावर अंगठा दिला. नोंदणी नाही, फेरफार नाही. घेणाऱ्यानं विहीर पाडली, मुलांची लग्नं त्या वावरावर केली. आता समृद्धी महामार्ग मेहकर-सिंदखेडराजाकडून गेला, भाव चढले, आणि विकणाऱ्याचा नातू सातबारा घेऊन येतो. त्या नातवाला तुम्ही मालक म्हणाल?

मामा : नाही म्हणणार.

वकीलताई : मग बारा वर्षांचा कायदा तुम्हालाही कुठं तरी हवा आहे. अर्थात त्यातही अट आहे. खरेदी झाली असं समजून कब्जा घेतला असेल तर घेणारा ‘बारा वर्षं झाली’ म्हणू शकतो. नुसता सौदा होता, इसार दिला होता, खरेदी पुढं करायची होती, असं असेल तर तो कब्जा मालकाच्या मर्जीचा. त्यातून काही उगवत नाही.

मर्जीचा. माझ्या मते सगळा कायदा या एका शब्दाभोवती फिरतो, आणि गावात नेमका तोच कुणाला माहीत नसतो. कोर्टाच्या मराठीत या प्रकाराला प्रतिकूल कब्जा म्हणतात. गावात नुसतं ‘बारा वर्षं’ म्हणतात, त्यामुळे ‘प्रतिकूल’ गळून पडतं आणि वर्षं तेवढी उरतात. कब्जा दांडगाईनं नको, चोरून नको आणि कुणाच्या मेहेरबानीनं नको, ही जुन्या रोमन कायद्यातली तिहेरी चाळणी आपली कोर्टंही वापरतात. शंभर वर्षं बसा. मेहेरबानीनं बसला असाल तर तुम्ही पाहुणेच.

वकीलताई : बटईचा कागद आहे?

मामा : नाही. वडील म्हणायचे, कागद केला की कूळ लागतं.

ही भीती हवेतली नाही. विदर्भासाठी 1958 चा वेगळा कूळकायदा आहे, आणि 1 एप्रिल 1961 ला इथल्या कित्येक कुळांची मालकी लागली. तेव्हापासून घाटावर बटई तोंडीच चालते. कुळाच्या धाकानं लोकांनी कागद टाळला, आणि आता तोच नसलेला कागद त्यांना दुसरा धाक घालतो.

वकीलताई : मग हिस्सा कसा मिळतो?

मामा : दिवाळीच्या आसपास पैसे खात्यावर येतात. आणि संक्रांतीच्या सुमारास एक कट्टा तूर. पार्सलनं. कट्ट्यावर निळ्या शाईनं माझं नाव, पत्ता आणि खाली ‘मालक हिस्सा’. दरवर्षी तसंच. पावत्या आहेत माझ्याकडे, मी काही टाकत नाही.

वकीलताई : पुण्याला गेल्यावर पहिल्यांदा त्या पावत्या आणि पासबुकं बाहेर काढा. यंदाचा कट्टा रिकामा झाला असेल तर तोही जपून ठेवा. जो हिस्सा पाठवतो, तो तुमची मालकी मान्य करतो. एकोणीस काय, चाळीस वर्षं पेरू द्या. तो तुमच्या परवानगीनं आत आलाय, त्याची बारा वर्षं सुरूच झालेली नाहीत. कुळाचा मुद्दा कुणी काढलाच तर तो वेगळा, तो तेव्हा पाहू. पण या बाजूनं वावर सुरक्षित आहे.

मामांचा चेहरा उजळला. मला मात्र समोर चहाचे कप विसळणारा माणूस दिसत होता. यानं वावरातले गोटे वेचले, नाला बुजवला, एकोणीस पावसाळे इथं काढले. कायदा म्हणतो, तू हात जोडून आलास, तुला काही नाही. मग कायदा देतो कुणाला?

वकीलताई : आता धुरा. हा कधीपासून सरकतोय?

मामा : 2003 साली मोजणी केली होती, तेव्हा बाभूळ बरोबर हद्दीवर होती. नंतर दरवर्षी एकेक तास.

तास म्हणजे घड्याळाचा नव्हे, पेरणीचा. दीड फुटाचं एक तास धरलं तर तीस फुटांत वीस तासं होतात. वावराची त्या बाजूची लांबी चारशे फूट. म्हणजे बारा हजार चौरस फूट, अकरा गुंठे. कुणी कुऱ्हाड उगारली नाही, शिवी दिली नाही. दर मृगाला नांगर हातभर अलीकडून फिरला, एवढंच. मराठीत याला धुरा कोरणं म्हणतात, आणि ‘कोरणं’ हे क्रियापद ज्यानं प्रथम वापरलं त्यानं हा प्रकार स्वतः भोगलेला असावा.

मामा : हा सरळ चोर. याला पण परवानगीवालाच समजतील ना?

वकीलताई : इथंच गंमत आहे. परवानगी नव्हती, म्हणून तर तो दावा करू शकतो. उघड्यावर पेरलं, सगळ्या गावानं पाहिलं, तुम्ही हरकत घेतली नाही. पण त्याची वाटही सोपी नाही. त्याला कोर्टात म्हणावं लागेल की जमीन यांची होती, ती मी अमुक तारखेपासून घेतली, यांना दिसेल अशी घेतली, आणि बारा वर्षं यांनी काही केलं नाही. ‘हद्दच माझी आहे’ असं म्हणाला तर प्रतिकूल कब्जाचा मुद्दा ढासळतो. आपल्याच मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेलं एक प्रकरण आहे. एक जण मयत मालकाचा दत्तक मुलगा म्हणून जमिनीवर बसला होता. मालकाच्या मुलीनं जमीन मागितली. मुस्लिम कायद्यात दत्तक नाही, म्हणून ते म्हणणं पडलं. मग तो म्हणाला, निदान प्रतिकूल कब्जा तरी धरा. उच्च न्यायालयानं धरला. 2017 साली सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. आधी दुसऱ्याची मालकी कबूल करा, मग ती हिरावल्याचं बोला. मुलीला जमीन मिळाली.

मामा : म्हणजे जो चुकून माझ्यात पेरतो तो हरणार, आणि जो कोर्टात छातीठोकपणे ‘मी घेतली’ म्हणतो तो जिंकणार?

वकीलताई : हे तुम्हीच म्हणता असं नाही. 2008 साली गुजरातच्या एका खटल्यात न्यायमूर्ती दलवीर भंडारी यांनी जवळपास हेच म्हटलं होतं. खऱ्या मालकावर हा कायदा फार कठोर आहे, आणि लबाडाला फुकटचं घबाड देतो; सरकारनं त्याचा नव्यानं विचार करावा.

मामा : मग केला?

वकीलताई : विधी आयोगाकडे गेलं. 280 वा अहवाल 2023 च्या मे महिन्यात आला. बदलाची गरज नाही म्हणाला. आयोगातल्याच दोन पदसिद्ध सदस्यांनी वेगळं मत नोंदवलं, कायदा मंत्रालयातल्याच अधिकाऱ्यांनी. मधल्या काळात, 2019 मध्ये, तीन न्यायमूर्तींच्या पीठानं कब्जेदाराला आणखी बळ दिलं. आधी हा मुद्दा फक्त बचावात, ढालीसारखा वापरता येत होता. आता त्याच्या जोरावर स्वतः दावाही लावता येतो.

मामा : चोराला आधी ढाल होती, आता तलवार दिली.

वकीलताई : सरकारनंही हीच ढाल धरली होती, काका. हरियाणात पोलीस खात्यानं लोकांच्या जागेवर प्रतिकूल कब्जा सांगितला. 2011 साली सर्वोच्च न्यायालयानं खडसावलं, रक्षण करणाऱ्यांनीच असं म्हणायचं? हिमाचलात एका बाईची जमीन 1967-68 मध्ये रस्त्याला घेतली, मोबदला दिला नाही, आणि ती ऐंशीची झाल्यावर कोर्टात सरकार म्हणतं, इतकी वर्षं आमचाच कब्जा आहे. 2020 मध्ये तेही फेटाळलं. सरकारला प्रतिकूल कब्जा सांगता येत नाही. इथं मी पूर्ण तुमच्या बाजूनं आहे.

यावर मी मध्ये तोंड घातलं. मला याज्ञवल्क्य आठवत होता. त्याच्या स्मृतीत मालकाच्या डोळ्यांदेखत, त्यानं न हटकता दुसऱ्यानं 20 वर्षं भोगलेल्या जमिनीची हानी होते असं सांगितलंय; जंगम मालाला 10 वर्षं. म्हणजे ही कल्पना काही इंग्रजांनी बोटीतून आणली नाही. पण लगेच पुढं अपवादांची यादी आहे. गहाण, ठेव, अज्ञान मुलाचं धन, राजाचं धन, बायकांचं धन भोगानं जात नाही. आणि त्याच यादीत ‘सीमा’ आहे. हद्द कोरून मालक होता येत नाही. बसवकल्याणचा विज्ञानेश्वर या स्मृतीवरच्या मिताक्षरेत आणखी पुढं जातो. हानी होते ती जमिनीची नव्हे, पिकाची, असा अर्थ तो लावतो. गेलेल्या वर्षांचं धान्य मागू नकोस, जमीन तुझीच आहे. नऊशे वर्षांपूर्वी या माणसानं सात आणि बारा वेगळे केले होते, असं मला वाटतं.

मामा : बघा! तो शहाणा होता.

वकीलताई : त्याच्या काळी साक्षीदार पिढ्यान्‌पिढ्या त्याच गावात राहायचे. आज तुमच्या 2003 च्या मोजणीचे पंच कुठं आहेत?

मामा : दोघं वारले. एक सुरतेला.

वकीलताई : म्हणून मुदत. कोर्टाला कुठं तरी थांबावं लागतं. सगळ्याच मालकांची मालकी अमर केली, तर पणजोबांचे कागद काढून गावं उठवतील लोक.

मामा : थांबा ना, कोण नको म्हणतं? पण आधी मला सांगा तर! फेरफार धरायचा तर तलाठी नोटीस काढतो, पंधरा दिवस हरकतीला देतो. नाव बदलायला नोटीस लागते. मालकी जायला एक पोस्टकार्ड नाही? माझ्या मालकीची मी रोज हजेरी लावायची का?

वकीलताई : रोज नको. तपातून एकदा. पण नोटिशीचं तुम्ही बोललात ते मला मान्य आहे. इंग्लंडनं तेच केलं. ज्यांच्याकडून आपण मुदतीचा कायदा घेतला, त्यांनीच 2002 मध्ये तो नोंदणी झालेल्या जमिनींपुरता पालटला. कब्जेदारानं दहा वर्षांनी अर्ज करायचा, त्याची नोटीस मालकाला जाते, मालकानं हरकत घेतली की त्याला बाहेर काढायला दोन वर्षं मिळतात. मालक जिवंत, जागा आणि ठाम असेल तर जमीन सहसा जात नाही.

ताईंचं आणि मामांचं एकमत झालेली ही आणखी एक जागा, आणि मीही तिथंच उभा आहे. मुदत असावी. पण मुदत चालू झाल्याचं ज्याची जमीन जायची त्याच्या कानावर घालायची सोय, सातबारा मोबाइलवर दिसणाऱ्या राज्यात, अवघड नसावी. राज्यानं बारा वर्षांची दखल एका ठिकाणी फार समंजसपणे घेतलीय. 2023 च्या सलोखा योजनेत, एकमेकांची जमीन किमान 12 वर्षं वाहणाऱ्या दोन शेतकऱ्यांना 1000 रुपये मुद्रांक आणि 1000 रुपये नोंदणी शुल्कात अदलाबदल करायची मुभा दिली. दोघांचीही चूक आहे, दोघंही मान्य करतात, तेव्हा भांडण कागदावर मिटतं. मामांच्या बाबतीत मात्र चूक एकाच बाजूची, आणि मान्य करायला कुणी नाही.

मामा : थोडक्यात, माझे अकरा गुंठे गेले?

वकीलताई : सगळे नाही. तुमचा शेजारी हळू चोर आहे, ते तुमच्या पथ्यावर पडेल. तो दरवर्षी एक तास आला. म्हणजे प्रत्येक तासाची बारा वर्षं वेगळी. शेवटची बारा तासं अजून मुदतीत आहेत. पहिली आठ कठीण. पण ती कोणत्या साली घेतली ते त्यानं सिद्ध करायचं, तुम्ही नाही. आणि तारीख त्याच्याकडेही नसेल. चोर रोजनिशी लिहीत नाहीत. आजच मोजणीचा अर्ज टाका, मोजणी नकाशाची ‘क’ प्रत हातात आली की आपण दावा लावू. पुढची पेरणी होऊ देऊ नका, नाही तर एकविसावं तास निघेल.

मामा उठून बाभळीपाशी गेले. शेजाऱ्याच्या वावरात पाय टाकताना क्षणभर थबकले. स्वतःच्याच जमिनीत जायला त्यांना परवानगी लागल्यासारखं वाटलं असेल. खोडावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि परत आले.

तोवर बटाईदार माझ्याशी हळूच बोलला. त्यानं सगळं ऐकलं होतं. “मले काई नको भाऊ. बारा वर्सं का वीस, त्याच्याशी आपल्याले काय करायचं हाये? फक्त पुढच्या सालीही मलेच द्या म्हनाव.”

मी मामांना सांगितलं. मामांनी त्याला तिथंच होकार दिला. ताई म्हणाल्या, मग एका स्टॅम्पवर लिहून टाका, दोघांच्याही फायद्याचं आहे. दुसऱ्या दिवशी मामांनी मोजणीचे पैसे भरले आणि पावती पाकिटात घडी करून ठेवली. बटईचा कागद मात्र केला नाही. कूळ लागेल म्हणतात.